लोकेशन पाठव ना!

गेल्या आठवड्यात इन्स्टावर एक फोटो टाकला. शेकाट्याचा. लांबच लांब लालसर पाय, काळे पंख, पांढरं पोट आणि पाण्यात पडलेलं स्वतःचं प्रतिबिंब बघत उभा. फोटो काही फार भारी नव्हता, मावसभावाकडून मागून आणलेल्या कॅमेऱ्यावर काढलेला. तरी खाली अकरा कमेंट्स आल्या आणि त्यातल्या सात एकाच शब्दाच्या होत्या: ‘लोकेशन?’ उरलेल्यांपैकी दोघांनी रात्री डीएम केला, ‘पिन पाठव ना!’

तुम्हीही कधी ना कधी हा प्रश्न विचारला असेल. मीही विचारलाय. हिवाळा आला की आपल्या फीडवर रोहित पक्ष्यांचे गुलाबी थवे दिसायला लागतात, रविवारी ग्रुपवर प्लॅन शिजतो आणि गाडी ‘जायचं कुठे?’ इथे अडते. प्रश्न साधा वाटतो. पण मुंबई, नवी मुंबईच्या आसपास या प्रश्नाच्या उत्तरात भरती-ओहोटी आहे, कोर्टकचेरी आहे, विमानतळ आहे आणि आपल्या एका शेअरमुळे काय होऊ शकतं हेही आहे. म्हणून म्हटलं, त्या सात जणांना एकदाच नीट उत्तर देऊ.

पिन बरोबर, वेळ चुकीची

माझी पहिली ट्रिप सपशेल फसली होती. नेरूळच्या तळ्यावर हजारो रोहित असतात असं ऐकलेलं. ठाण्याहून पहाटेची ट्रान्स हार्बर लोकल पकडली आणि सातच्या सुमारास तळ्यावर पोहोचले. मॅपवरची पिन अगदी बरोबर होती. पक्षी मात्र जवळपास नव्हतेच. दोन बगळे आणि मी. मॉर्निंग वॉकला आलेले एक काका माझ्याकडे बघून हसले. म्हणाले, ‘‘अगं, ओहोटी आहे ना आता. सगळे खाडीत जेवायला गेलेत. भरतीला ये.’’

त्या एका वाक्यात या सगळ्या विषयाची किल्ली आहे. वेडर्स म्हणजे उथळ पाण्यात किंवा चिखलात चालत चालत खाणं शोधणारे पक्षी. टिलवा, तुतवार, चिखल्या, गॉडविट, कर्ल्यू, शेकाट्या, उचाट्या हे सगळे त्यातले. त्यांचं ताट म्हणजे खाडीतला चिखल. त्यात किडे, शिंपले, छोटे खेकडे असतात. ओहोटीला चिखल उघडा पडतो आणि पक्षी पाण्याच्या कडेकडेने लांब आत जातात. भरती चढायला लागली की चिखल बुडतो आणि ते किनाऱ्याकडे ढकलले जातात. चिखल पूर्ण बुडाला की त्यांना टेकायला दुसरी उथळ जागा लागते. नेरूळचं तळं ही अशीच टेकायची जागा. म्हणजे खाडीकिनारी उभे राहणार असाल तर भरती चढत असताना जा, आणि तळ्यावर जाणार असाल तर भरती पूर्ण झाली असेल तेव्हा.

भरतीची वेळ आता मोबाइलवर मिळते. पण आपल्या कोळीवाड्यांत आणि कोकणात एक सोपा हिशोब पूर्वीपासून चालतो, तो मला फार आवडला. त्या दिवशीची तिथी घ्या आणि तिची पाऊणपट करा. जो आकडा येईल, साधारण त्या वाजता भरती. चतुर्थीला चारची पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या सुमारास. अष्टमीला सहाच्या सुमारास. मी पहिल्यांदा गेले त्या दिवशी द्वितीया होती. दोनची पाऊणपट दीड. म्हणजे दुपारी दीडला भरती आणि सकाळी सात-सव्वासातला पूर्ण ओहोटी. अगदी नको त्या वेळी मी तळ्यावर हजर! हिशोब ढोबळ आहे, निघण्याआधी ॲपवर तपासून घ्याच. पण रविवार ठरवायला घरातलं कॅलेंडर पुरतं.

आता यात प्रकाशाची गंमत मिसळा. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण असतं, पाणी सगळ्यात जास्त चढतं, पण तेव्हा भरती येते ती ऐन दुपारी. डोक्यावरच्या उन्हात पांढरा पक्षी नुसता पांढरा ठिपका दिसतो. उलट अष्टमीच्या आसपास भरती सकाळी-संध्याकाळी येते, प्रकाश छान असतो, पण ती भांगाची भरती. पाणी कमी चढतं आणि पक्षी लांबच राहतात. म्हणून मधले दिवस बघायचे. द्वादशी-त्रयोदशीला सकाळी नऊ-दहाची भरती मिळते, चतुर्थी-पंचमीला दुपारी तीन-चारची.

आणि सूर्य पाठीशी हवा. ठाणे खाडीच्या मुंबईकडच्या काठावर, म्हणजे शिवडी किंवा भांडुपला उभे राहिलात तर तुमचं तोंड पूर्वेला असतं. सकाळी सूर्य थेट लेन्समध्ये येतो, त्यामुळे तिथे दुपारनंतर जा. ऐरोलीच्या काठावर याच्या उलट, तिथे सकाळ चांगली. खाडी एकच, पक्षीही तेच, काठ बदलला की वेळ बदलते.

जायचं कुठे?

आता नावं. सगळ्या जागा माहितीतल्या आहेत, त्यामुळे लपवण्यासारखं काही नाही.

ऐरोलीला वन विभागाच्या कांदळवन कक्षाचं किनारी आणि सागरी जैवविविधता केंद्र आहे. तिथून भरतीच्या वेळा बघून बोटी सुटतात. पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी हा सगळ्यात सोपा मार्ग, कारण बोटवाल्याला खाडी माहीत असते. भांडुपच्या पंपिंग स्टेशनचा परिसर छोट्या वेडर्ससाठी चांगला. शिवडीची जेट्टी ही जुन्या पक्षीप्रेमींची पंढरी. तिथूनच आता अटल सेतू सुरू होतो. नवी मुंबईत नेरूळचं डीपीएस तळं, टीएस चाणक्य आणि एनआरआय संकुलामागच्या पाणथळ जागा. पुढे उरणला पाणजे आणि भेंडखळ. अलिबागजवळ आक्षीचा किनारा, तिथे वाळूवर धावणारे किनारी पक्षी आणि कुरव दिसतात.

पुण्याकडच्यांना भिगवण. उजनीच्या फुगवट्यावर कुंभारगाव, डिकसळच्या बाजूला मच्छीमारच बोटीतून पक्षी दाखवतात. इथे समुद्राची भरती नाही, धरणाची पातळी आहे. पावसाळ्यात उजनी भरतं, उन्हाळ्याकडे पाणी उतरतं आणि मग चिखल उघडा पडतो. पातळी उशिरा उतरली तर पक्षीही उशिरा किनाऱ्यावर येतात. म्हणून भिगवणचा प्लॅन करताना आधी उजनीत किती टक्के पाणी आहे ती बातमी वाचा. नाशिककरांना निफाड तालुक्यातलं नांदूर मधमेश्वर. गोदावरी आणि कादवा जिथे मिळतात तिथला हा जलाशय २०२० मध्ये महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ ठरला. तिथे निरीक्षण मनोरे आहेत, त्यामुळे पक्ष्यांना न उठवता बसता येतं.

रेषेच्या आत आणि रेषेच्या बाहेर

ही यादी नकाशावर मांडून बघितली तेव्हा एक गोष्ट खटकली. ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ मध्ये जाहीर झालं. क्षेत्र साधारण १७ चौरस किलोमीटर, ऐरोली पूल आणि वाशी पूल यांच्या मधलं. २०२२ मध्ये ठाणे खाडीला रामसर दर्जाही मिळाला. छान. पण शिवडी या अभयारण्याच्या बाहेर. नेरूळची तळी बाहेर. उरण तर बाहेरच. म्हणजे पक्षी जिथे जेवतात त्या ताटाच्या मोठ्या भागाला संरक्षण मिळालं आणि जेवण झाल्यावर जिथे टेकतात ती जागा उघड्यावर राहिली. पक्ष्याला दोन्ही लागतात. दिवसातून दोनदा भरती येते आणि दोनदा त्याला उभं राहायला कोरडी नाही तर उथळ जागा शोधावी लागते.

उघड्यावर राहण्याचा अर्थ काय, ते नेरूळमध्ये दिसलं. टीएस चाणक्य आणि एनआरआय संकुलाजवळच्या पाणथळ जागेवर गोल्फ कोर्स आणि घरं होणार होती. २०१८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती योजना रद्द केली, पुढे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. डीपीएस तळ्याची गोष्ट आणखी बोलकी. हे तळं खाडीच्या पाण्यावर जगतं. पाणी आत येण्याच्या वाटा बुजल्या आणि तळं आटायला लागलं, अशी तक्रार रहिवासी आणि पर्यावरण कार्यकर्ते करत होते. २०२४ च्या उन्हाळ्यात या परिसरात रोहित मेलेले सापडले. त्याच मे महिन्यात घाटकोपरवर एका प्रवासी विमानाला थवा धडकला आणि जवळपास ४० रोहित मेले. ही दुसरी घटना तळ्यामुळेच घडली असं म्हणता येणार नाही. पण टेकायच्या जागा कमी झाल्या तर थवे जागा शोधत भलतीकडे उडणार, हा अभ्यासकांचा मुद्दा तेव्हा सगळ्यांच्या लक्षात आला.

ऑक्टोबर २०२५ मध्ये नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन झालं, त्यामुळे हा मुद्दा आता आणखी जवळचा झालाय. विमानतळाजवळ पक्षी नकोत हे कोणालाही पटेल. मग काहींना वाटतं, आसपासची तळीच बुजवून टाका. पण खाडीतला चिखल तर तिथेच राहणार, म्हणजे पक्षी येतच राहणार. तळी गेली तर ते दुसरी मोकळी, सपाट, शांत जागा शोधतील. आणि विमानतळाइतकी मोकळी आणि सपाट जागा दुसरी कोणती? ठरलेल्या तळ्यावर ठरलेल्या वेळी बसणारा थवा सुरक्षित, आणि तळं हरवलेला थवा धोकादायक. पक्ष्यांसाठीही आणि विमानातल्या आपल्यासाठीही.

डीपीएस तळ्याच्या गोष्टीत एक चांगलं वळणही आलं. एप्रिल २०२५ मध्ये राज्य वन्यजीव मंडळाने साधारण ३० एकरांच्या या तळ्याला संवर्धन राखीव क्षेत्र करण्याच्या प्रस्तावाला मान्यता दिली. हे आपोआप झालं नाही. लोक वर्षानुवर्षं तिथे जात होते, फोटो काढत होते, तारखेसकट मांडत होते, पेपरला देत होते. ‘इथे पक्षी नसतातच’ असं म्हणायला कोणाला जागा उरली नाही, कारण हजारो फोटोंखाली त्या तळ्याचं नाव होतं. लोकेशन सांगितलं म्हणून ती जागा टिकली.

आणि एक टिटवी

इथे थांबले असते तर लेख सोपा झाला असता. सगळ्यांना पिन पाठवा, विषय संपला. पण मला एक गोष्ट सांगायला हवी.

सेकंड इयरला असताना घराजवळच्या मोकळ्या मैदानात मला टिटवीचं घरटं दिसलं. टिटवी जमिनीवरच अंडी घालते. दगडगोट्यांत चार अंडी, इतकी बेमालूम की पाय पडता पडता राहिला. मी फोटो काढला, स्टोरी टाकली आणि वर मैदानाचं नाव टॅग केलं. दुसऱ्या दिवशी तीन जण आले. तिसऱ्या दिवशी किती आले माहीत नाही, पण एक रील मी बघितलं. टिटवी जिवाच्या आकांताने डोक्यावर घिरट्या घालतेय आणि खाली कोणीतरी मोबाइल अंड्यांच्या अगदी जवळ नेलाय. पाचव्या दिवशी मी गेले तेव्हा अंडी नव्हती.

कावळ्याने नेली असतील, कुत्र्याने खाल्ली असतील. रील काढणाऱ्याने नेली असंही मी म्हणत नाही. पण माणसं घरट्यापाशी उभी असली की टिटवी अंड्यांवर बसत नाही. उन्हात अंडी तापतात आणि कावळ्यालाही पत्ता कळतो. ती वाट मी दाखवली होती. ती स्टोरी चोवीस तासांनी गेली, मला मात्र अजून आठवते.

नंतर कळलं की वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ मध्ये ‘शिकार’ या शब्दाची जी व्याख्या आहे, तिच्यात वन्य पक्ष्यांची अंडी किंवा घरटं छेडणं हेही येतं. बंदूक नको, जाळं नको, घरट्याशी केलेला उपद्व्यापही कायद्याच्या भाषेत शिकारच.

मग सांगायचं की नाही सांगायचं? माझ्यापुरतं मी असं ठरवलंय: जागा सांगायची, घरटं नाही. तळं, खाडी, जलाशय ही सार्वजनिक गोष्ट आहे. तिथे हजारो पक्षी असतात आणि ते उडू शकतात. ती जागा जितक्या लोकांना माहीत, तितकं तिला गुपचूप बुजवणं अवघड. घरटं हा एका जोडीचा संसार आहे. तो तिथून हलू शकत नाही. दिवसा झोपणारं घुबड किंवा चुकून आलेला एखादा दुर्मीळ पाहुणा यांनाही हाच नियम. ईबर्डसारख्या साइटवरही काही संवेदनशील प्रजातींची नेमकी जागा मुद्दाम लपवलेली असते, ती याच कारणासाठी.

गेलात की एवढं करा

जागा कळली म्हणजे वाटेल तसं वागायला मोकळीक मिळाली असं नाही. खाडीत काही बोटी थव्याच्या अंगावर नेल्या जातात, का तर ‘सगळे एकदम उडतानाचा’ शॉट हवा. काठावरून दगड मारणारेही मी बघितलेत. एप्रिलमध्ये हे वेडर्स उत्तरेकडे हजारो किलोमीटरच्या प्रवासाला निघायच्या तयारीत असतात आणि अंगात चरबी साठवत असतात. तेव्हा प्रत्येक विनाकारण उड्डाण म्हणजे त्यांच्या प्रवासाच्या शिदोरीतला एक घास कमी. बोटवाल्याला आधीच सांगा, ‘दादा, जवळ नका नेऊ, थांबवून ठेवा.’ भरती चढत असेल तर पक्षी आपणहून जवळ येतात. खाली बसा, फिकट-मळकट कपडे घाला, वाट बघा. पक्षी खाणं सोडून मान वर करून तुमच्याकडे बघायला लागला की तुम्ही गरजेपेक्षा जवळ गेलात असं समजा.

चिखलात उतरू नका, कमरेपर्यंत पाय रुततात. ड्रोन घरी ठेवा. अभयारण्यात तो चालत नाही आणि विमानतळाच्या आसपास तर अजिबात नाही. एकटीने किंवा एकट्याने जाऊ नका, काही काठ फारच निर्मनुष्य आहेत.

कॅमेरा नसेल तरी अडत नाही. फोटोइतकंच मोजणंही कामाचं. दरवर्षी जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना होते, त्यात कॉलेजची मुलं सहभागी होऊ शकतात. एरवी ईबर्डवर तारीख, वेळ, जागा आणि अंदाजे संख्या टाकता येते. गुलाबी रोहित सगळेच टिपतात. त्याच्या पायाशी धावणारा चिमणीएवढा टिलवा कोणी मोजत नाही. उद्या एखाद्या तळ्यावर भराव पडला आणि ‘इथे काय होतं?’ असा प्रश्न निघाला, तर तुमच्या त्या चार ओळी पुरावा म्हणून उभ्या राहू शकतात. आणि तळ्यात पाणी येणारी वाट बुजलेली दिसली तर तिचाही फोटो काढा. तो इन्स्टावर चालणार नाही, पण सगळ्यात महत्त्वाचा तोच असेल.

तर त्या सात कमेंटवाल्यांना आणि दोन डीएमवाल्यांना माझं उत्तर: शेकाट्याचा फोटो नेरूळच्या तळ्यावरचा आहे. त्रयोदशी होती, साधारण पावणेदहाची भरती. पुढच्या त्रयोदशीला मी परत जातेय. नेरूळ स्टेशनला नऊला भेटा, डब्बा आणि पाणी आपापलं आणा. टिटवीचं घरटं दिसलं तर मात्र विचारू नका कुठे ते. मी सांगणार नाही.